पाच लाखांचं कार्ड आणि दवाखान्याचं दार: जन आरोग्य योजना गावातल्या माणसासाठी नेमकी कशी चालते

गावात आयुष्मान कार्ड आता बहुतेक घरांत पोहोचलंय. त्याच्यासोबत एक समजूतही घरोघर पोहोचली आहे, की या कार्डात पाच लाख रुपये आहेत आणि आजारपण आलं की ते वापरायचे. या एका समजुतीपायी माणसं चुकीच्या दवाखान्यात जातात, चुकीच्या वेळी कार्ड काढतात, रोख पैसे भरून बसतात आणि मग म्हणतात, योजना खोटी आहे. योजना खोटी नाही. पण ती पैशांची पिशवीही नाही. कोणत्या आजारावर, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या दराने, कोणाच्या मंजुरीने उपचार होणार हे आधीच ठरवून ठेवलेली ती एक व्यवस्था आहे. या व्यवस्थेची दारं कुठे आहेत आणि ती कोणत्या क्रमाने उघडतात, हे माहीत असलेल्या घराचे हजारो रुपये वाचतात. ज्याला माहीत नसतं, त्याचं कार्ड खिशातच राहतं.

महाराष्ट्रात ही गोष्ट २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हाचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. सुरुवातीला एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत आणि योजना पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाख झाली, यादीत त्या वेळी १३५६ उपचार आले आणि पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही आत आली. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावर पात्रता ठरते. ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ असं अजूनही गावोगाव ऐकू येतं. ते आता खरं नाही.

पाच लाख म्हणजे काय, आणि कोणाचे

पाच लाख ही वरची मर्यादा आहे. ती रक्कम कुणाच्या खात्यात जमा होत नाही, रुग्णाच्या हातात पडत नाही आणि वर्षाअखेरी उरली तर पुढच्या वर्षी मिळतही नाही. जेवढा उपचार झाला तेवढ्याचे ठरलेले पैसे योजना थेट दवाखान्याला देते.

ही मर्यादा अख्ख्या कुटुंबाची मिळून असते. समजा, घरात पाच माणसं आहेत आणि वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला १ लाख ६० हजार लागले. मग त्या वर्षात बाकीच्या चौघांसाठी आणि वडिलांसाठीही मिळून ३ लाख ४० हजार उरतात. एकट्या वडिलांना सगळेच पाच लाख लागले तरी चालतं, पण मग त्या वर्षी इतरांसाठी काही उरत नाही. वर्षही योजनेच्या हिशेबाने मोजतात, तुमच्या आजारपणाच्या तारखेपासून नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणासारख्या काही महागड्या उपचारांचे दर आणि नियम वेगळे ठरलेले आहेत.

‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे रेशनकार्ड ठरवतं. गावात इथेच खूप गोंधळ होतो. तीन भाऊ वेगळे झालेत, चुली वेगळ्या आहेत, पण रेशनकार्ड अजून वडिलांच्या नावचं एकच. योजनेच्या लेखी ते एकच कुटुंब. थोरल्याच्या आजारपणात मर्यादा संपत आली तर धाकट्याच्या बायकोच्या ऑपरेशनला अडचण येणार. खरोखर विभक्त झाला असाल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करून कार्ड वेगळं करून घ्या, आणि ते घरात कुणी आजारी नसताना करा. दवाखान्यात दाखल असताना तहसीलचे हेलपाटे घालणं कोणालाच जमत नाही.

नवीन सुनेचंही तसंच. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि सासरच्या कार्डात नाव चढवायचं, हे काम ‘बघू नंतर’ म्हणून राहून जातं आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आठवतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं नाव कार्डावर असू शकत नाही, हे योजनेला मान्य आहे. तिथे जन्माचा दाखला, आई किंवा वडिलांसोबत बाळाचा फोटो आणि त्या आई-वडिलांचं कार्ड यावर काम होतं.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने वेगळी सोय केली आहे. उत्पन्न कितीही असो, सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधीच योजनेत असलेल्या घरातल्या वृद्धांना त्यावर पाच लाखांपर्यंतचं जादा संरक्षण मिळतं आणि ते घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावं लागत नाही. इथे वय आधारवरचं धरतात. आधारवर जन्मतारीख चुकली असेल, आणि जुन्या माणसांची ती बरेचदा अंदाजे लिहिलेली असते, तर आधी ती दुरुस्ती.

पॅकेज हा या सगळ्याचा कणा

योजनेत आजाराला पैसे नसतात, उपचाराला असतात. यादीतल्या प्रत्येक उपचाराला एक क्रमांक आणि एक ठरलेला दर असतो. त्याला पॅकेज म्हणतात. डॉक्टरांची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, जनरल वॉर्डातली खाट, नर्सिंग, औषधं, लागणारं रक्त, तपासण्या, शरीरात बसवायचं साहित्य, रुग्णाचं जेवण असं सगळं त्या एका आकड्यात धरलेलं असतं. दवाखान्याला तेवढेच मिळतात, मग प्रत्यक्षात खर्च कमी होवो की जास्त.

सरकारने हे असं का केलं? प्रत्येक सुईचं, प्रत्येक दिवसाचं बिल वेगळं द्यायचं ठरवलं तर बिल वाढवायची वाट मोकळी राहते. ठरलेला आकडा असला की ती बंद होते. पण त्यातून दुसरी अडचण येते. एखाद्या पॅकेजचा दर दवाखान्याच्या खऱ्या खर्चापेक्षा कमी पडला, किंवा योजनेकडून पैसे यायला महिनोन्‌महिने लागले, तर दवाखाना तो उपचार योजनेत करायला कां-कूं करू लागतो. मग ‘सध्या योजनेचे बेड भरलेत’, ‘हे पॅकेज आमच्याकडे बसत नाही’, ‘योजनेतलं साहित्य हलकं असतं, चांगलं हवं तर वरचे पैसे भरा’ अशी उत्तरं मिळतात. शेवटचं उत्तर सर्वांत जास्त फसवतं. पॅकेजमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेणं योजनेच्या नियमात बसत नाही. स्वतंत्र खोली हवी असेल तर मात्र ती योजनेत नाही. योजनेचा रुग्ण जनरल वॉर्डातच राहतो.

आणि यादीत पॅकेज नसेल तर कार्ड असूनही तो उपचार योजनेत होत नाही. साधा ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांना नुसतं दाखवून औषध घेणं, दातांची बरीचशी कामं यासाठी ही योजना नाहीच. दाखल होऊन करायचे मोठे उपचार हे तिचं मुख्य काम. डायलिसिस, केमोथेरपी, रेडिएशन हे दिवसाचे उपचारही तिच्यात येतात.

छोट्या आजारांना पैसेच लागतात असंही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासण्या, औषधं, दाखल होणं हे सगळं मोफत आहे. बाळंतपण आणि आजारी तान्ही बाळं यांच्यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे आणि त्यात गाडीची सोयही येते. तरीही सरकारी दवाखान्यात आधार आणि रेशनकार्ड मागतात, तेव्हा लोकांना शंका येते: मोफत आहे तर कार्ड कशाला? सरकारी रुग्णालयंही योजनेच्या यादीत आहेत. तुमचा उपचार योजनेतून नोंदला गेला तर त्याचे पैसे त्या रुग्णालयाकडे जमा होतात आणि तिथल्याच सोयींसाठी वापरता येतात. तुमच्या खिशातून काही जात नाही. कागद जरूर द्या.

दार पहिलं: दवाखाना यादीत आहे का, आणि कशासाठी आहे

दवाखान्याच्या दारावर योजनेची पाटी दिसली म्हणजे सगळं आलं, असं नसतं. दवाखाने विषयवार जोडलेले असतात. एखादं हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असेल, पण किडनी स्टोनसाठी नसेल. म्हणून फोनवर ‘तुमच्याकडे योजना आहे का’ एवढंच विचारून निघू नका. ‘मूतखड्याचं ऑपरेशन तुमच्याकडे योजनेत होतं का’ असं उपचाराचं नाव घेऊन विचारा. योजनेच्या मदतवाणीवर, १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर, जिल्हा आणि आजार सांगितला की कोणत्या दवाखान्यात तो उपचार योजनेत होतो हे कळतं. केंद्राच्या योजनेची मदतवाणी १४५५५. हे फोन फुकट आहेत.

काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. खासगी डॉक्टर ‘हे योजनेत आमच्याकडे होत नाही’ म्हणाले की ते टाळताहेत असं नेहमीच समजू नका. राखीव यादी असण्याला कारण आहे. आयुष्मानच्या आधी केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, तिच्या काळात बिहार आणि छत्तीसगडमध्ये खासगी दवाखान्यांनी विम्याचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचं उघड झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना याबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड बायकांमधलं गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण २०१९ मध्ये सगळ्या राज्यासमोर आलं. तिथे बहुतेक पैसे घरातूनच गेले होते. म्हणजे नजर ठेवणारं कुणी नसलं की रोख पैशांतही हेच घडतं. चाळिशीच्या आतल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं कुणी एका भेटीत सांगितलं, तर कार्ड बाजूला ठेवा आणि आधी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.

खेड्यातल्या माणसाची खरी अडचण अंतराची. यादीतले खासगी दवाखाने पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत दाटलेले आहेत. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या माणसाला हृदयाच्या किंवा मेंदूच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूर-नागपूर गाठावं लागतं. जाण्याचा, सोबतच्या माणसाच्या राहण्या-खाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च योजना देत नाही. सुट्टी झाल्यावर घरी परतायचं भाडं तेवढं फुले योजनेत धरलेलं आहे आणि ते मागायचं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आयुष्मानच्या यादीतले उपचार राज्याबाहेरच्या यादीतल्या दवाखान्यांतही मिळू शकतात. सीमेवरच्या तालुक्यांना आणि परराज्यात मजुरीला गेलेल्यांना याचा उपयोग आहे.

दार दुसरं: आरोग्यमित्र

यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात योजनेचा एक टेबल असतो आणि तिथे आरोग्यमित्र बसतो. तो दवाखान्याचा माणूस नाही, योजनेचा आहे. नोंदणी, कागद तपासणं, अडचण वर कळवणं हे त्याचं काम. दवाखान्यात पाऊल टाकल्यावर बिलिंगच्या खिडकीआधी त्याच्याकडे जा. हा क्रम सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण ही योजना पूर्णपणे बिनारोकड चालते. आधी स्वतः पैसे भरले आणि नंतर पावत्या दाखवून परत मागितले, अशी तरतूद तिच्यात नाही. ‘आत्ता डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा आणि आरोग्यमित्राला बोलवा. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून फाईल बनली की ती योजनेत वळवणं फार अवघड होतं.

कागद तसे मोजकेच: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, बहुधा आधार. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर काम झटकन होतं. ते काढायला पैसे लागत नाहीत. आशाताई, सेतू केंद्र, किंवा मोबाइलवरचं आयुष्मान ॲप यातून आधारची पडताळणी करून ते निघतं. त्या वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी समोर बसलेल्या माणसालाच सांगायचा. ‘कार्ड मंजूर झालंय, ओटीपी द्या’ असा अनोळखी फोन आला तर द्यायचा नाही.

अडतं ते बहुतेक नावावर. रेशनकार्डावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. बाईचं एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. आधारवरचा फोटो वीस वर्षांच्या मुलाचा आणि समोर चाळिशीचा बाप्या. संगणक या जुळणीला गुण देतो, आणि ती कमी भरली की प्रकरण तपासणीसाठी वर जातं. त्यात वेळ जातो. दुसरी अडचण रेशनकार्डाच्या ऑनलाइन नोंदीची. जुन्या कार्डाला बारा आकडी नंबर पडलाय का आणि घरातल्या सगळ्यांची नावं त्या नोंदीत आहेत का, हे रेशन दुकानदाराकडे पाच मिनिटांत कळतं. कार्डावर शाईने नाव लिहिलेलं असतं, पण ऑनलाइन नोंदीत ते चढलेलंच नसतं, असं पुष्कळदा निघतं.

दार तिसरं: पूर्वमंजुरी

डॉक्टरांनी तपासलं, आजार पक्का झाला, पॅकेज निवडलं. आता दवाखान्यातला योजनेचं काम बघणारा डॉक्टर ही सगळी माहिती ऑनलाइन पाठवतो. रिपोर्ट, फिल्म, रुग्णाचा फोटो, उपचाराचा क्रमांक. तिकडे तज्ज्ञ ते तपासून मंजुरी देतात. साधारण चोवीस तासांत उत्तर अपेक्षित असतं. उत्तर तीन प्रकारचं येतं: मंजूर, नामंजूर, किंवा ‘क्वेरी’, म्हणजे आणखी माहिती पाठवा.

क्वेरी आली की घरचे घाबरतात, ‘रिजेक्ट झालं’ म्हणतात आणि उसने पैसे काढायला धावतात. क्वेरी म्हणजे नकार नव्हे. बहुतेक वेळा एखादा कागद कमी असतो. मूतखड्याला खड्याचा आकार दाखवणारी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. हृदयाच्या स्टेंटला अँजिओग्राफीचं चित्रण. कॅन्सरला गाठीच्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट. मोडलेल्या हाडाला ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे. यातलं एक नसलं तर प्रकरण परत येतं. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका, आणि फिल्म व सीडी दवाखान्यात ‘राहू द्या’ म्हणाले तरी सुट्टीच्या वेळी मागून घ्या. आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचारा: नेमका कोणता कागद मागितला आहे, तो कोण देणार, आणि आता प्रकरण कोणाकडे आहे. उत्तरं कागदावर लिहून घ्या, तारखेसकट.

दाखल होण्याआधीच्या तपासण्यांवरून सर्वांत जास्त वाद होतात. आयुष्मानच्या नियमात दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस पॅकेजमध्ये धरलेले आहेत. फुले योजनेत सुट्टीनंतरच्या दहा दिवसांची औषधं आणि तपासणी येते. पण महिनाभर आधी कुठल्यातरी लॅबमध्ये केलेल्या एमआरआयचे पैसे यात बसत नाहीत. घाई नसेल तर आजार ओळखण्याच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात मोफत करून घ्याव्यात आणि ते रिपोर्ट घेऊन मोठ्या दवाखान्यात जावं.

मंजुरीची ही सगळी चाळण काहींना छळ वाटते. पण हा पैसा सगळ्यांचा मिळून आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा चालवला, तेव्हा लोकांनी सुगीला ज्वारी घालून आपला वाटा दिला. निरोगी घरांनीही ज्वारी घातली म्हणून आजारी घराला उपचार मिळाला. आजच्या योजनेत ज्वारीच्या जागी कर आहे, म्हणून तो कुणाचा वाटत नाही, एवढाच फरक. गरज नसलेल्या एका ऑपरेशनचे पैसे गेले की ते पुढच्या माणसाच्या डायलिसिसमधून जातात. पूर्वमंजुरी लांबली तर तक्रार जरूर करा, पण ती असूच नये असं म्हणू नका.

जीव धोक्यात असेल तेव्हा यादी बघायची नाही

हा भाग प्रत्येक घरात माहीत असायला हवा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, तोंड वाकडं होऊन हात-पाय लुळा पडला, साप चावला, विष पोटात गेलं, अपघात झाला, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला: अशा वेळी ‘योजनेचा दवाखाना कुठला’ शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळात जवळचा दवाखाना गाठायचा. सर्पदंशाची लस प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयांत ठेवलेली असते. पन्नास-साठ किलोमीटरवरचं योजनेचं हॉस्पिटल शोधण्यात गेलेला तास परत मिळत नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हृदयाच्या झटक्यातही पहिले तास सर्वांत मोलाचे. जवळच्या दवाखान्यात रुग्ण सावरला की तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून योजनेतल्या दवाखान्यात पाठवायला सांगा.

योजनेतल्या दवाखान्यात तातडीचा रुग्ण आला तर पूर्वमंजुरीसाठी उपचार थांबवायचे नसतात. दवाखाना फोनवरून किंवा ऑनलाइन तातडीची सूचना देऊन उपचार सुरू करतो आणि कागद मागून लावतो. इथे घरच्यांचं काम एकच: रेशनकार्ड आणि आधार घेऊन एक माणूस लगेच निघाला पाहिजे. सगळे जण रुग्णाबरोबर गाडीत बसून जातात आणि कागद घरी पेटीत राहतात. दोन्ही कागदांचे स्वच्छ फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असले तर निदान नोंदणी तरी सुरू होते.

सुट्टीच्या दिवशीची सही

घरी जायच्या गडबडीत एक गठ्ठा कागद पुढे येतो आणि ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणून सह्या किंवा अंगठे घेतले जातात. त्यात एक समाधानपत्र असतं. उपचार मोफत मिळाला, आपल्याकडून पैसे घेतले नाहीत, घरी जायचं भाडं मिळालं, असा त्याचा मजकूर असतो. तुमच्याकडून औषधांचे किंवा साहित्याचे पैसे घेतले असतील आणि तुम्ही यावर अंगठा उठवलात, तर उद्या तक्रार केल्यावर हाच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. पैसे दिले असतील तर सहीच्या शेजारी रक्कम लिहा. कोऱ्या कागदावर सही नाही. आणि बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणायला लावलं असेल, तर चिठ्ठी आणि पक्कं बिल दोन्ही जपून ठेवा, रुग्णाच्या नावासकट.

तक्रारीची वाट अशी. आधी आरोग्यमित्र. त्याने ऐकलं नाही तर योजनेचा जिल्हा समन्वयक, त्याचा नंबर त्याच टेबलाजवळ लावलेला असायला हवा. मग मदतवाणी, तिथे तक्रारीचा नोंद क्रमांक मिळतो, तो लिहून घ्यायचा. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज. बेकायदा घेतलेले पैसे दवाखान्याला परत करावे लागतात आणि वारंवार असं घडलं तर दवाखाना यादीतून बाहेरही पडतो. रुग्ण दाखल असतानाच केलेली तक्रार सर्वांत लवकर हलते. घरी आल्यावर महिन्याने केलेल्या तक्रारीत कागदच सापडत नाहीत.

उपचार यादीत नसेल किंवा मर्यादा संपली असेल तर दोन वाटा उरतात. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. राज्यातली कित्येक मोठी, महागडी वाटणारी हॉस्पिटलं यात मोडतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. दुसरी वाट मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीची. त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो.

गावपातळीवर करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तालुका आणि जिल्ह्यातल्या योजनेच्या दवाखान्यांची नावं लिहावीत, प्रत्येकापुढे तिथे कोणते उपचार योजनेत होतात ते, आणि खाली १०८ व १५५३८८ हे दोन क्रमांक. यादी बदलत राहते, दवाखाने येतात आणि जातात. म्हणून दर सहा महिन्यांनी आशाताई आणि ग्रामसेवकांनी मदतवाणीवर फोन करून ती तपासावी आणि भिंतीवर तपासल्याची तारीखही टाकावी.